ऑटोमॅटिक सुटत नाही, सोडली जाते

जुन्या जीपवाल्यांमध्ये एक मत घट्ट बसलेलं आहे. ऑटोमॅटिक फोर बाय फोर चढ चढेल, चिखलातून निघेल, नदीपात्र पार करेल. पण खडा उतार आला की ती हातातून सुटणार. मॅन्युअल गाडी लो रेंजच्या पहिल्या गिअरला टाकली की ती इंजिनाला धरून एकेक पाऊल उतरते, ऑटोमॅटिकला असं धरणारं काही नाही, सगळा भार ब्रेकवर. म्हणून ज्याला डोंगरात गाडी घालायची आहे त्याने क्लचचीच गाडी घ्यावी, असा सल्ला थार किंवा जिम्नी बुक करायला निघालेल्या तरुणाला हमखास मिळतो.

या मतामागे अनुभव आहे, ते नुसतं ऐकीव नाही. एमएम 540 जीप चालवून सह्याद्रीतल्या मुरमाड वाटा पालथ्या घातलेल्या माणसाने शेजारच्याची नवी ऑटोमॅटिक उतारावर वेग घेताना खरोखर पाहिलेली असते. त्याने पाहिलं ते खरं. त्याचं कारण मात्र त्याने चुकीचं लावलं. ती गाडी ऑटोमॅटिक होती म्हणून सुटली नाही. गिअरचा दांडा डी वर होता आणि हाय-लो रेंज ठरवणारा ट्रान्सफर केस हाय मध्ये होता, म्हणून सुटली.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात. त्यात एएमटी येते, सीव्हीटी येते, ड्युअल क्लचही येते. खडतर वाटांसाठी बनलेल्या गाड्यांत मात्र बहुतेक ठिकाणी टॉर्क कन्व्हर्टर असतो: तेलाने भरलेलं बंद भांडं, त्यात समोरासमोर दोन पंखे, एक इंजिनाला जोडलेला आणि दुसरा गिअरबॉक्सला. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने 1905 साली पेटंट घेतलेली ही कल्पना मुळात जहाजांसाठी होती. दोन पंख्यांमध्ये पक्का सांधा नाही, मध्ये तेल आहे. म्हणून उलट दिशेने, म्हणजे चाकांकडून इंजिनाकडे जाणारा जोर काही प्रमाणात निसटतो. जुन्या जीपवाल्यांचा आक्षेप इथून सुरू होतो आणि इथपर्यंत तो बरोबर आहे.

पण निसटण्याचं खरं मोठं भोक दुसरीकडेच आहे. अमेरिकन टर्बो हायड्रामॅटिक 400 असो की क्रायसलरचा टॉर्कफ्लाइट, या जुन्या आणि नावाजलेल्या गिअरबॉक्सेसमध्ये डी वर असताना पहिला गिअर एका एकेरी क्लचवर अवलंबून असतो. इंजिन चाकांना ढकलतं तेव्हा हा क्लच पकडतो. चाकं इंजिनाला ढकलू लागली की तो मोकळा फिरतो. पायडल न मारता उतारावर जाणाऱ्या सायकलच्या मागच्या चाकात जे घडतं तेच इथे घडतं. दांडा 1 किंवा एल वर ओढला की गिअरबॉक्समधला वेगळा पट्टा आवळला जातो आणि तोच पहिला गिअर दोन्ही दिशांनी बांधला जातो. म्हणजे पडद्यावर गिअर पहिलाच दिसत असला, तरी डी मधला पहिला आणि एल मधला पहिला यांत उतारावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आजच्याही अनेक सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ही रचना टिकून आहे. चालकाने दांडा हलवलाच नाही, तर गिअरबॉक्सने त्याला धरावं तरी कसं?

टर्बो हायड्रामॅटिकचं नाव घेतलं ते मुद्दाम. 1980च्या दशकात अमेरिकन सैन्यात दाखल झालेल्या हमव्हीत तीन गिअरचा हाच ऑटोमॅटिक होता. त्या गाडीसाठी 60 टक्के चढ आणि 40 टक्के आडवा उतार ही अट होती. 60 टक्के म्हणजे सुमारे 31 अंश. (शंभर टक्के म्हणजे 45 अंश, गप्पांमधले बरेचसे ‘पंचेचाळीस अंशांचे’ उतार मोजायला गेलं तर तिशीही गाठत नाहीत.) रेंज रोव्हरमध्ये ऑटोमॅटिक आला तो 1982 साली, टॉर्कफ्लाइटच्या रूपाने. खडतर प्रदेशासाठी गाड्या बनवणाऱ्यांनी आणि त्या वापरणाऱ्या सैन्याने क्लचविना उतरण्याचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच सोडवला होता, आणि तो सोडवताना लो रेंज गृहीत धरली होती.

लो रेंजशिवाय ही चर्चा पुढे जाऊच शकत नाही, कारण सगळा हिशेब तिथेच फिरतो. पुण्याजवळ रांजणगावला 2021पासून जुळणी होणारी जीप रँग्लर रुबिकॉन घ्या. भारतात ती फक्त आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसह मिळते. पहिल्या गिअरचं प्रमाण 4.71, लो रेंजचं 4, ॲक्सलचं 4.10, तिन्हींचा गुणाकार 77 च्या वर जातो. चाक एक फेरा मारतं तेव्हा इंजिनाच्या बाजूने 77 फेरे मागितले जातात. या गाडीचं टायर एका फेऱ्यात साधारण अडीच मीटर जातं. ताशी 5 किलोमीटरने उतरताना चाक मिनिटाला 33 फेरे घेतं, म्हणजे गिअरबॉक्सचा पंखा सुमारे 2,550 फेऱ्यांनी फिरतो. सात-आठशे फेऱ्यांवर रेंगाळू पाहणाऱ्या इंजिनाला इतक्या वेगाने ओढावं लागलं की ते विरोध करतं, आणि तो विरोध 77 पट होऊन चाकांपाशी पोचतो. बंद थ्रॉटलवर दोन लिटरच्या इंजिनाचा विरोध 25 न्यूटन-मीटर धरला, तर जमिनीपाशी तो जवळजवळ 490 किलोच्या ओढीइतका भरतो. दोन टनी गाडीला 30 अंशांच्या उतारावर गुरुत्वाकर्षण एक हजार किलोच्या जोराने खाली ओढत असतं. त्यातला जवळपास निम्मा भार इंजिन एकटं पेलतं. 15 अंशांच्या उतारावर जवळजवळ सगळाच.

आता तीच गाडी, तोच उतार, तोच वेग. फक्त ट्रान्सफर केस हाय मध्ये. गुणाकार उरतो 19. ताशी 5 किलोमीटरला पंखा फिरतो 640 फेऱ्यांनी. हे इंजिनाच्या आयडलिंगपेक्षा कमी आहे! म्हणजे त्या क्षणी इंजिन गाडीला धरत तर नाहीच, उलट तिला पुढे ढकलत असतं आणि ब्रेकला गुरुत्वाकर्षणाबरोबर इंजिनाशीही झुंजावं लागतं. शेजारच्याची ऑटोमॅटिक उतारावर का सुटली, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

जिम्नीच्या बाबतीत मात्र टीकाकारांना बरंचसं श्रेय द्यायला हवं. तिच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकच्या पहिल्या गिअरचं प्रमाण कमी आहे आणि लो रेंज फक्त दुप्पट. एकूण गुणाकार 25 च्या आसपास येतो. मॅन्युअल जिम्नीचा 36 च्या. ताशी 5 किलोमीटरला ऑटोमॅटिकमध्ये साडेनऊशे फेरे मिळतात, मॅन्युअलमध्ये चौदाशे. ऑटोमॅटिक जिम्नी एल मध्ये उतरवली तरी अगदी संथ वेगाला इंजिनाची पकड जेमतेम असते आणि उरलेलं काम ब्रेकला करावं लागतं. पण यावरून दोष कुठे आहे तेही कळतं: तो या गिअरबॉक्सच्या प्रमाणांत आहे. गाडी घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक, एवढं विचारून भागत नाही. पहिला गिअर, लो रेंज आणि ॲक्सल यांचा गुणाकार किती, हे विचारावं लागतं. शोरूममध्ये हा प्रश्न आजही क्वचितच ऐकू येतो.

दुसरं मत नव्या पिढीचं आहे आणि ते जुन्या मताच्या बरोबर उलट टोकाला आहे. बटण दाबा, पाय उचला, बाकीचं गाडी बघून घेईल. हिल डिसेंट कंट्रोल असताना लो रेंजचा दांडा ओढायचा कशाला? जुन्या मताने फार तर एखाद्याला ऑटोमॅटिक घेण्यापासून परावृत्त केलं असेल. हे मत गाडी उतारावर नेऊन सोडतं, म्हणून ते जास्त घातक आहे.

हे बटण आलं कुठून ते पाहिलं की त्याची मर्यादा स्पष्ट होते. 1997 साली लँड रोव्हरने फ्रीलँडर बाजारात आणली. तिला लो रेंज नव्हती. उतारावरची ती उणीव भरून काढण्यासाठी एबीएसची यंत्रणा वापरून चाकांना आपोआप ब्रेक लावण्याची युक्ती केली गेली आणि तिला हिल डिसेंट कंट्रोल हे नाव मिळालं. म्हणजे ही सोय लो रेंज नसलेल्या गाडीसाठी, तिची बदली म्हणून जन्माला आली. आज ती थारमध्ये आहे, जिम्नीत आहे, फॉर्च्युनरमध्ये वेगळ्या नावाने आहे, आणि या तिन्ही नावांच्या फोर बाय फोर गाड्यांत लो रेंजही आहे. अस्सल वस्तू हाताशी असताना बदलीवर सगळा भार टाकण्याचं कारण नाही.

कारण हे बटण शेवटी ब्रेकच लावतं. ब्रेक म्हणजे उष्णता. दोन टनी गाडी शंभर मीटर खाली आली की सुमारे 20 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चार डिस्क मिळून 40 किलो लोखंड धरलं आणि वाटेत काहीच थंड झालं नाही असं मानलं, तर तापमान शंभरएक अंशांनी चढतं. दक्षिण आफ्रिकेतून लेसोथोत जाणाऱ्या सानी पासचा माथा 2,876 मीटरवर आहे आणि पायथ्यापासून चढ तेराशे मीटरहून जास्त. रस्ता कच्चा, वळणं एकावर एक. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने फोर बाय फोर नसलेल्या गाडीला वर सोडत नाहीत. तिथून नुसत्या ब्रेकवर उतरायचं म्हटलं तर त्याच हिशेबाने तेरा पट उष्णता होते. वारा लागून त्यातली बरीच निघून जाते हे खरं. पण ताशी आठ-दहा किलोमीटरला वारा लागणार तरी किती? पॅड तापले की पेडल तितकंच दाबलं तरी गाडी तितकी थांबत नाही. लँड रोव्हरच्या मालकांसाठीच्या पुस्तिकेत साफ लिहिलेलं असतं की ब्रेक फार तापले तर हिल डिसेंट कंट्रोल काही काळ काम करणार नाही. म्हणजे गरज सर्वांत जास्त असेल त्याच वेळी बटण रजेवर जाऊ शकतं. त्या वेळी गिअर पहिला आणि रेंज लो असेल, तर चालकाच्या हाती निम्मा भार पेलणारं इंजिन उरतं. डी मध्ये आणि हाय मध्ये असेल, तर काहीच उरत नाही.

तरीही हिल डिसेंट कंट्रोलला नाकं मुरडणारे जुने जाणतेही चुकतात. पेडल एक असतं आणि चाकं चार. माणूस कितीही कसलेला असला, तरी उतारावर अधांतरी आलेलं मागचं उजवं चाक सोडून फक्त पुढच्या डाव्या चाकाला ब्रेक लावणं त्याच्या पायाला शक्य नाही. ही यंत्रणा ते सेकंदात अनेकदा करते. लो रेंजच्या पहिल्या गिअरवर गाडी आधीच धरलेली असताना वरून हे बटण लावलं, तर ब्रेकला थोडंच काम पडतं, ते तापत नाहीत आणि प्रत्येक चाकाला हवं तेवढंच आवळलं जातं. जिम्नीसारख्या कमी गुणाकाराच्या ऑटोमॅटिकला तर या जोडीची गरजच आहे. थार रॉक्समध्ये 2024 साली आलेलं क्रॉलस्मार्ट किंवा टोयोटाचं क्रॉल कंट्रोल हीसुद्धा याच वाटेवरची पुढची पावलं आहेत, आणि त्यांचं स्वागत करायला हवं.

न्यूट्रलचा विचार फार लांबवण्याची गरज नाही. उतारावर न्यूट्रल केलं की इंधन वाचतं, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातून चालत आली आहे. आजची इंजेक्शनची इंजिनं गिअरवर उतरताना इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी ते जळतच राहतं. कच्च्या खड्या उतारावर न्यूट्रल म्हणजे स्वतःच्या हाताने निम्मा ब्रेक काढून टाकणं.

आता सर्वांत अवघड क्षण: गाडी घसरू लागते. मुरूम पायाखालून सरकतो, मागचं टोक एका बाजूला ओढ घेऊ लागतं आणि चालकाचा पाय सगळ्या जोराने ब्रेकवर जातो. ‘घसरली की ब्रेक दाबायचा’ ही शिकवण डांबरी रस्त्याची आहे. थारच्या तीन दारी गाडीचा व्हीलबेस 245 सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर धरला, तर 30 अंशांच्या उतारावर दोनतृतीयांश वजन पुढच्या चाकांवर येतं. मागची चाकं हलकी होतात आणि थोड्याशा ब्रेकनेही जाम होतात. जाम झालेलं चाक दिशा धरत नाही, मग मागचं टोक पुढच्याला ओलांडू पाहतं आणि गाडी आडवी होते.

एबीएस इथे वाचवेल, असं मानणाऱ्यांनी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 1999 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्या पाहाव्यात. इतर बहुतेक पृष्ठभागांवर एबीएसने थांबण्याचं अंतर कमी केलं, पण सैल खडीवर ते सरासरी 27.2 टक्क्यांनी वाढलं. जाम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग लोटतं आणि तो ढीग गाडीला अडवतो. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून ढीग साचत नाही. त्याच्या बदल्यात स्टिअरिंग जिवंत राहतं. या अडचणीमुळेच काही उत्पादकांनी लो रेंजमध्ये किंवा खडीसाठी एबीएसची वेगळी वागणूक ठेवली.

इंजिनाने धरलेल्या गाडीचं मोठेपण नेमकं इथे दिसतं. इंजिन फिरत असतं, म्हणून त्याला जोडलेली चाकं सहसा जाम होत नाहीत. फोर-लो मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे हलकं झालेलं मागचं ॲक्सल एकटं थांबू शकत नाही. पुढच्या जड चाकांबरोबर त्याला फिरावंच लागतं. नुसत्या टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या हलक्या चाकांवर इंजिनाची पकड घेऊन उतरणं धोक्याचं, तेही याच कारणाने. आणि तरीही घसरण सुरू झालीच, तर ब्रेक सोडून हलकीशी रेस द्यायची, चाकांचा वेग जमिनीच्या वेगाशी जुळू द्यायचा, मग पुन्हा पाय उचलायचा. हे मनाला पटत नाही, म्हणूनच ते सोप्या उतारावर आधी शिकावं लागतं. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड प्रशिक्षणासाठी खास मैदान उभं केलं, ते अशाच गोष्टी अंगवळणी पडाव्यात म्हणून.

भीतीपोटी तिरकं उतरणं ही आणखी एक चूक. सरळ खाली जाणारी गाडी घसरली तर पुढे घसरते. तिरकी गाडी घसरली आणि खालच्या बाजूचं चाक चरात किंवा दगडावर अडलं, तर ती लोळण घेते. उतार ज्या दिशेला सर्वांत खडा आहे त्याच दिशेला नाक ठेवणं भीतिदायक वाटतं, पण गाडी चारही चाकांवर राहते.

मॅन्युअलच्या बाजूने बोलणारे स्वतःच्या पायातलं एक कुसळ विसरतात: क्लच. घाबरलेल्या माणसाचे दोन्ही पाय एकदम खाली जातात. उजवा ब्रेकवर आणि डावा क्लचवर. क्लच दबला की लो रेंजच्या पहिल्या गिअरची सगळी पकड त्याच क्षणी नाहीशी होते. ऑटोमॅटिकमध्ये ही चूक करायला पेडलच नाही, आणि नवशिक्यासाठी हा फायदा मोठा आहे. मात्र उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये गिअर धरून ठेवणारा तेलाचा दाब इंजिनावर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद पडलं की दाब जातो आणि गिअर सुटतो. बंद मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरवर उतारावर उभी राहते, बंद ऑटोमॅटिक तशी राहत नाही. म्हणून उतारावर इंजिन थांबलं तर आधी ब्रेक, मग हँडब्रेक, मग पी, आणि खाली उतरण्याआधी चाकांपुढे दगड. इंजिन चालू असताना ‘थोडं बंद करून बघू’ हा प्रयोग उतारावर कधीही करू नये.

सह्याद्रीत तर उतार आठवड्यागणिक बदलतो. मार्चमध्ये कोरडा मुरूम, जूनमध्ये तेलासारखी लाल माती, सप्टेंबरात शेवाळलेला कातळ. ओल्या लाल मातीवर 15 अंश हे कोरड्या दगडावरच्या 25 पेक्षा वाईट असू शकतात. माथ्यावर थांबून उतार आधी पायी उतरून पाहावा. चपलेखाली पाय घसरतो की नाही, यावरून टायरचं काय होईल याचा बराच अंदाज येतो. मग गाडी उभी असताना न्यूट्रलमधून फोर-लो, दांडा मॅन्युअलमध्ये किंवा एल वर, आणि पडद्यावर 1 आकडा आल्याची खात्री. काही गिअरबॉक्स मॅन्युअलमध्येही इंजिनाचे फेरे फार वाढले की स्वतःहून वरचा गिअर टाकतात; आपली गाडी तसं करते का, हे सपाट मैदानात आधीच तपासून ठेवलेलं बरं. उतारावर मध्येच गिअर बदलला गेला, तर क्षणभर गाडी मोकळी सुटते, आणि तो क्षण पुरेसा असतो.

यातली कुठलीच गोष्ट गुपित नाही. बहुतेक माहिती मालकांसाठीच्या पुस्तिकेत असते. पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्येच राहते. डिलिव्हरीच्या दिवशी हार घातला जातो, फोटो निघतात, मोबाइल जोडून दिला जातो, सनरूफ उघडून दाखवलं जातं. फोर-लो चा दांडा ओढून, गिअर 1 वर बांधून दहा अंशांच्या एखाद्या उतारावरून ग्राहकाला स्वतः गाडी खाली आणायला लावणारी विक्रेत्याची माणसं फार थोडी. वीस लाखांची फोर बाय फोर विकणाऱ्याने हे करावं, ही अपेक्षा अवाजवी नाही; त्याला लागते ती अर्ध्या तासाची सवड आणि शोरूममागे मातीचा एक उंचवटा.